पोकळ निंब आणि त्याच्या आतल्या भिंती

"कापून टाकू का भाऊ? आतून पोकय झालं थे."

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी काकाजींनी मला त्यांच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली नेऊन हे विचारलं. एप्रिल संपत आला होता, पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता आणि निंब मात्र नव्या पालवीनं गच्च भरलेला. दोरीनं घेर मोजला, साडेनऊ फूट निघाला, म्हणजे जाडी तीन फूट. माणसाच्या छातीच्या उंचीवर एक ढोली होती. मी तुऱ्हाटी आत घालून पाहिली. पोकळी दीड फूट रुंद, आणि चहूबाजूंनी टणक लाकडाची नऊ इंची भिंत. ढोलीच्या तोंडाच्या वरच्या बाजूला एका जुन्या फांदीचं थोटूक अजून दिसत होतं. काकाजी म्हणाले, घर बांधलं तेव्हा आड्यासाठी ती फांदी त्यांच्या वडिलांनी कुऱ्हाडीनं तोडली होती. मी विचारलं, तेव्हा झाड केवढं जाड होतं? त्यांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. ते जवळपास दीड फूटच होतं.

हा योगायोग नाही. जुन्या झाडांची काळजी घ्यायची तर हीच गोष्ट आधी समजून घ्यावी लागते.

आपल्या कातडीला जखम झाली तर तिथल्या पेशी नव्यानं तयार होतात आणि जखम भरून येते. झाडाला हे जमत नाही. एकदा बनलेलं लाकूड दुरुस्त होत नाही. झाड दुसरंच काही करतं. ते जखमी भाग आत कोंडून टाकतं आणि त्याच्या बाहेरून नवं लाकूड वाढवत राहतं. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी चेनसॉनं झाडं उभी चिरून आतली कूज कुठून कुठवर जाते ते वर्षानुवर्षं पाहिलं आणि १९७७ मध्ये हे चित्र नीट मांडलं. झाड जखमेभोवती चार भिंती घालतं. पहिली वर-खाली जाणाऱ्या नळ्या बुजवते, आणि ती सगळ्यांत कच्ची असते, म्हणून कूज खोडात उभी लांबवर पसरते. दुसरी कुजीला गाभ्याकडे जाताना अडवते, तिसरी आजूबाजूला सरकताना. चौथी भिंत सगळ्यांत पक्की. जखम झाल्यानंतर सालीखाली जे नवं लाकूड तयार होतं, त्याच्या सुरुवातीलाच झाड हा बांध घालतं, आणि बुरशीला तो सहसा ओलांडता येत नाही.

म्हणूनच काकाजींच्या निंबातली पोकळी दीड फुटांवर थांबली. फांदी तोडली त्या दिवशी जेवढं झाड होतं, तेवढंच आतून गेलं. त्यानंतर वाढलेलं सगळं शाबूत आहे.

पोकळ झाड मरणाऱ्या झाडासारखं वाटतं, पण गाभ्याचं लाकूड तसंही मेलेलंच असतं, त्याचं काम नुसतं आधाराचं. पाणी वर नेणारं जिवंत लाकूड सालीलगतच्या थरात असतं. आधाराचं म्हणाल तर बांबू पोकळच असतो की. झाडांची तपासणी करणारे एक ठोकताळा वापरतात: खोडाच्या त्रिज्येच्या निदान एक तृतीयांश जाडीची निरोगी भिंत शिल्लक असावी, आणि ढोलीचं तोंड मोठं असेल तर त्याहून जास्त. या निंबाची त्रिज्या अठरा इंच, भिंत नऊ इंच. लाकडी मोगरीनं बुंध्यावर चहूकडून ठोकून पाहिलं. कुठे भद्द आवाज आला नाही, बुडाशी अळंबी नव्हती, जमिनीला एका बाजूनं भेग पडून झाड कललेलंही नव्हतं. या तीन खुणा दिसल्या असत्या तर मी वेगळं बोललो असतो, कारण घरावर वाकलेलं कुजकं झाड ठेवणं शहाणपणाचं नाही. ढोलीत सिमेंट भरायचा विचार काकाजींच्या मनात होता. तो मी काढायला लावला. वाऱ्यात झाड डोलतं, सिमेंट डोलत नाही. ते आतून घासत राहतं आणि ओल धरून ठेवतं. शिवाय त्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते.

आता फांदी तोडण्याबद्दल. तोडू नका असं मी म्हणणार नाही. कौलांवर घासणारी, तारेला लागणारी फांदी काढावीच लागते. पण कुठे आणि कशी कापली, त्यावर पुढच्या पन्नास वर्षांचा हिशेब ठरतो. फांदी खोडाला मिळते तिथे जवळ जाऊन बघा. बुडाशी कड्यासारखा एक फुगवटा दिसेल, त्यावर सालीच्या वळ्या पडलेल्या असतात. हा फुगवटा खोडाचा भाग आहे, फांदीचा नव्हे, आणि कुजीला अडवणारी तटबंदी इथेच असते. खोडाशी सपाट कापलं तर ती तटबंदीच कापली जाते. उलट हातभर थोटूक ठेवलं तर साल त्यावरून मिटू शकत नाही, थोटूक कुजतं आणि कुजीला आत जायला वाट होते. काकाजींच्या वडिलांकडून नेमकं हेच झालं होतं. फुगवटा सोडून, त्याच्या लगेच बाहेर कापायचं.

फांदी जड असेल तर तीन काप घ्यावे लागतात. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून चतुर्थांश जाडीपर्यंत, मग त्याच्या थोडं पुढे वरून पूर्ण. फांदी खाली आली की उरलेलं थोटूक फुगवट्याबाहेर आरीनं काढायचं. खालचा काप घेतला नाही तर फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलत नेते. कापावर डांबर, ऑइलपेंट लावून कूज थांबत नाही. संत्र्याच्या बुंध्याला आपण मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम लावतो, ते डिंक्याच्या बुरशीसाठी, आणि तिथे ते योग्यच आहे. पण निंबाच्या जाड कापावर तेच फासल्यानं गाभा वाचेल अशी आशा धरू नये.

वेळही पाहावी. निंब फाल्गुनात पानं गाळतो आणि चैत्रात, पावसाचा थेंब नसताना, नवी पालवी काढतो. त्यासाठी लागणारं पिठूळ अन्न त्यानं खोडात, फांद्यांत, मुळांत साठवून ठेवलेलं असतं. त्या पालवीवर कुऱ्हाड चालवली तर साठा खर्च झाल्यावर हातचं पीकही गेलं. मे अखेरच्या नवतप्याच्या तोंडावर शेंडा छाटला तर वर्षानुवर्षं सावलीत असलेली फांद्यांची साल पंचेचाळीस अंशांच्या उन्हात एकदम उघडी पडते, भाजते, फुटते, आणि त्या भेगांतून खोड पोखरणारी भिरूड अळी शिरते. छाटणी थंडी सरताना, पालवीच्या आधी करावी. आणि शेंडा तर कधीच मारू नये. त्यानंतर जे धुमारे फुटतात ते फांदीच्या वरवरच्या थरातून निघालेले असतात, त्यांची पकड उथळ असते. मृगाच्या वादळात तेच आधी मोडून पडतात.

हे सगळं खोडाचं झालं. माझ्या अनुभवात मात्र जुनी झाडं जास्त मरतात ती जमिनीत.

आमच्या घरचा आंबा तसा गेला. समोरचा रस्ता काँक्रीटचा झाला तेव्हा दोन फूट उंच झाला, पावसाचं पाणी अंगणात शिरायला लागलं, म्हणून आम्ही दोन फूट मुरूम टाकून अंगण वर घेतलं. त्या वर्षी आंब्याला काहीच झालं नाही. दुसऱ्या वर्षी पानं लहान आली. मग शेंडे वाळू लागले, आणि पाचव्या उन्हाळ्यात तो उभ्यानं वाळला. आम्ही उधईला, म्हणजे वाळवीला, दोष देत बसलो. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक करून वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर दूरवर जातात. मुळांना श्वास लागतो. त्यांच्यावर दोन फूट मुरूम दाबून बसवला की हवा तुटते. वड-पिंपळ बुंध्यातून नवी मुळं सोडून अशा भरावातून तरतात, म्हणून पारावर ते शतकं काढतात. आंबा, निंब, मोह यांना ते साधत नाही. आणि जुना पार दगड-मातीचा होता, त्याच्या सांध्यांतून पाणी मुरायचं. आता बुंध्याला चिकटवून टाइल्स लावतात.

माती सुधारली तर काय होतं याचं एक उदाहरण फार लांबचं आहे. हवाईतल्या माउई बेटावर लहायना गावात २४ एप्रिल १८७३ रोजी एक वड लावला गेला, भारतातून आणलेलं आठ फुटांचं रोप. ८ ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात ते गाव जळालं आणि वडही होरपळला. तिथल्या झाडांच्या जाणकारांनी घट्ट झालेली जमीन मोकळी केली, कंपोस्ट घातलं, टँकरनं पाणी दिलं. पुढच्याच महिन्यात त्याला कोंब फुटले. मेलेला भाग नंतर कापावा लागला, पण झाड उभं आहे. त्या बेटावरचा वणवा आणि आपलं ऊन यांची तुलना नको, मुळांची गरज मात्र तीच.

आपल्या काळ्या मातीचा आणखी एक त्रास. उन्हाळ्यात ती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि बारीक मुळं ताणून तुटतात. याला उपाय घरातच असतो. सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, फांद्यांच्या सावलीभर चार बोटं जाड पसरा. जमीन थंड राहते, भेगा कमी पडतात. बुंध्यापासून मात्र वीतभर लांब ठेवा, नाहीतर साल ओली राहते आणि उधईला आडोसा मिळतो. पाणी द्यायचं तर बुंध्याशी बादली ओतू नका. फांद्यांची टोकं जिथे संपतात तिथे उथळ चर काढून पंधरा दिवसांतून एकदा भरपूर सोडा.

काकाजींच्या निंबाभोवती पाच वर्षांपूर्वी घातलेला सिमेंटचा ओटा होता, पाहुण्यांना बसायला. दोन दिवस सब्बल चालवून आम्ही त्याचा बुंध्यालगतचा हातभर भाग फोडला. खालची माती विटेसारखी कडक निघाली, आणि तिच्यात एक-दोन पांढरी मुळं सिमेंटच्या फटीकडे वर आलेली होती. काकाजींनी ती बोटानं चाचपून पाहिली, मग घरात आवाज दिला, "कुटाराचं पोतं आण गं."