रेझर फिरवल्याने भुवया दाट होत नाहीत

पन्नाशीच्या आसपास भुवया विरळ व्हायला लागल्या की कोणीतरी हमखास सांगतं, एकदा रेझर फिरव, परत येतील त्या दाट आणि काळ्याभोर येतील. प्लीज असं करू नका. केसाची जाडी ठरते कातडीच्या आत, मुळाशी, आणि रेझर तर फक्त वरचा भाग कापतो, मुळाला त्याचा पत्ताही नसतो. शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच दाढीचे केस मोजून हे दाखवलं होतं.

मग दाट का वाटतं? भुवईचा एक केस नीट बघा, टोकाला निमुळता होत जातो, कापला की ते टोक जातं आणि बोथट खुंट उरतो, तो बोटाला टोचतो म्हणून जाड वाटतो, बाकी काही नाही.

आणि या वयात केस परत यायला वेळ लागतो, काही महिनेसुद्धा, आणि पूर्वीइतके येतीलच असं नाही. वर्षानुवर्षं प्लकिंग करून काही मुळं कायमची गेलेली असतात, ती रेझरने कशी जागी होणार?

त्यापेक्षा भुवईची शेपूट, म्हणजे बाहेरचं निमुळतं टोक जपा, तिथला एकही केस उपटू नका, लांब पांढरे ताठ केस ब्रशने वर विंचरून फक्त टोकाला ट्रिम करा, रिकाम्या जागी पेन्सिलने केसासारख्या बारीक रेघा ओढा, सलग जाड पट्टा नको, चेहरा कडक दिसतो. मात्र बाहेरच्या टोकाच्या भुवया अचानक गळायला लागल्या तर आधी थायरॉईड तपासून घ्या.