केबल दूरचित्रवाणीचे डिजिटलीकरण (भारत)

केबलवरील ॲनालॉग प्रक्षेपण बंद करून कूटबद्ध, ग्राहकनिहाय नोंद ठेवणारी डिजिटल पद्धत सक्तीची करणारे केंद्र सरकारचे धोरण. अमेरिका व ब्रिटनमध्ये मनोऱ्यांवरील प्रक्षेपणाचे डिजिटलीकरण झाले, त्यामागे रेडिओलहरींचे पट्टे मोकळे करण्याचा उद्देश होता. भारतात केबल जोडण्यांची खरी मोजदाद हे मोठे कारण होते.

ॲनालॉग व्यवस्थेत केबलचालकाच्या कक्षातून निघालेली तार गच्च्यांवरून, जागोजागी ॲम्प्लिफायर व स्प्लिटर लावत घरोघर जाई. सर्व घरांना सारख्याच वाहिन्या मिळत आणि तारेवर घरे किती, हे केबलवाला सांगेल तेच प्रमाण. जोडण्या कमी दाखवण्याची पद्धत सर्रास होती. त्यामुळे वाहिन्यांचे शुल्क व राज्यांचा करमणूक कर दोन्ही बुडत. डिजिटल पद्धतीत प्रत्येक सेट-टॉप बॉक्स स्वतंत्रपणे सुरू करावा लागतो आणि तेथेच त्याची नोंद होते.

धोरणाचा आरंभ सामान्यतः 25 ऑक्टोबर 2011 च्या वटहुकुमापासून मोजतात. मात्र तो 2002 च्या कायदादुरुस्तीपर्यंत मागे नेणे अधिक सयुक्तिक दिसते. केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) अधिनियम, 1995 मध्ये त्या वेळी घातलेले कलम 4-अ हेच पुढे 2011 मध्ये बदलण्यात आले. पहिल्या योजनेत (कॅस, म्हणजे कंडिशनल ॲक्सेस सिस्टिम) बॉक्स केवळ सशुल्क वाहिन्यांपुरता होता; निःशुल्क वाहिन्या जुन्याच तारेवर दिसत राहिल्या. ही योजना चेन्नईत सप्टेंबर 2003 मध्ये, तर मुंबई, दिल्ली व कोलकात्याच्या काही भागांत न्यायालयीन आदेशानंतर 2006 च्या अखेरीस लागू झाली. बॉक्सविनाही बरेच काही दिसत असल्याने तिचा विस्तार खुंटला असावा.

ऑगस्ट 2010 मध्ये ट्रायने (भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) संपूर्ण डिजिटलीकरणाची शिफारस केली. पहिल्या टप्प्यातील चार महानगरांची मुदत वाढत 31 ऑक्टोबर 2012 वर आली. दुसऱ्या टप्प्यात (31 मार्च 2013) पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर धरून 38 शहरे होती. उर्वरित शहरी (तिसरा टप्पा) व ग्रामीण (चौथा टप्पा) भागांच्या मुदती 2017 पर्यंत लांबल्या. तिसऱ्या टप्प्यात अनेक उच्च न्यायालयांत याचिका दाखल झाल्या होत्या. बॉक्सचा खर्च बहुतांशी ग्राहकांवर पडला, ही या धोरणाची ठळक उणीव होय.

दूरदर्शनचे मनोरे या सक्तीबाहेर होते. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबई व औरंगाबादसह 16 शहरांत त्यांवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले. बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक मार्च 2022 पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने जाहीर केले होते.