जिभेखालची गोळी

सरकारी रुग्णालयातल्या ओएसटी, म्हणजे नशेच्या जागी औषध देणाऱ्या केंद्रात नर्स गोळी काढते, कुटते आणि ती पूड समोरच्याच्या जिभेखाली ठेवते. मग त्यानं बाकावर बसून राहायचं. बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही, पाणी प्यायचं नाही. काही मिनिटांनी नर्स जीभ वर करायला लावते, पूड विरघळली का ते बघते, आणि माणूस आपल्या कामावर जायला मोकळा. गर्दच्या व्यसनावर आज जे खात्रीचे उपचार आहेत, त्यांतला एक दिसायला इतका साधा आहे.

या गोळीत असतं ब्युप्रेनॉर्फिन. ते अफूच्याच कुळातलं, त्यामुळे घरच्यांचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे एक व्यसन सोडवून दुसरं लावायचं?" शंका रास्त आहे. तिचं उत्तर मेंदूत काय घडतं त्यात आहे.

गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन. पन्नीवरचा धूर ओढला की ते काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि पेशींवरच्या 'म्यू' नावाच्या ग्राहींना, म्हणजे असं रसायन धरून ठेवणाऱ्या जागांना, चिकटतं. काही तासांत असर उतरतो. रोजच्या माऱ्याला मेंदू सरावतो, आणि मग गर्द मिळालं नाही की नाक गळतं, जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, जुलाब होतात, हाडं ठणकतात, झोप उडते. गर्दुल्ले याला 'टर्की' म्हणतात. काही महिन्यांनी माणूस मजेसाठी ओढतच नाही, टर्की टाळायला ओढतो. सगळा दिवस पुढच्या पुडीच्या पैशांमागे जातो.

ब्युप्रेनॉर्फिन त्याच ग्राहींवर बसतं, पण लोकलमध्ये खिडकी पकडून थेट कसाऱ्यालाच उठणाऱ्या प्रवाशासारखं. एका डोसचा असर दिवसभर किंवा त्याहून जास्त टिकतो. वरून कुणी गर्द ओढलं तरी त्याला जागाच मिळत नाही, किक बसत नाही. शिवाय ते ग्राहीला अर्धवटच चेतवतं. डोस एका मर्यादेपलीकडे वाढवला तरी असर वाढत नाही, म्हणून श्वास बंद पडण्याचा धोका हेरॉइनपेक्षा बराच कमी. (दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर मात्र हा हिशेब चुकतो.) टर्की नाही, नशेचे चढउतार नाहीत, सुई नाही. याला दुसरं व्यसन म्हणणं मला पटत नाही. शरीराला औषधाची सवय राहते हे खरं, पण आयुष्य पुडीभोवती फिरायचं थांबतं.

पहिल्या डोसची वेळ मात्र फार महत्त्वाची. शरीरात हेरॉइन असताना गोळी दिली तर ती त्याला हुसकावून स्वतः बसते, आणि पूर्ण असराच्या जागी एकदम अर्धा असर येतो. परिणाम म्हणजे अचानक, जोरदार टर्की. म्हणून डॉक्टर टर्कीची लक्षणं सुरू होईपर्यंत थांबतात. गर्दच्या बाबतीत साधारण १२ तास किंवा जास्त.

मेथाडोन हे याहून जुनं औषध. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निसवांडर यांनी १९६४ च्या सुमारास त्याचा उपचारासाठी वापर सुरू केला. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ही दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. नाल्ट्रेक्सोनचं काम उलटं: ते ग्राही नुसते अडवून ठेवतं. त्यासाठी आधी आठ-दहा दिवस शरीर अफूमुक्त असावं लागतं, आणि बरेच रुग्ण तिथवर टिकत नाहीत.

आपल्याकडे अजून 'पंधरा दिवस ॲडमिट करा, स्वच्छ करून घरी पाठवा' यालाच लोक उपचार समजतात. धोका तिथेच आहे. त्या पंधरा दिवसांत शरीराची सहनशक्ती उतरते. घरी परतलेला मुलगा जुन्याच मापानं ओढतो किंवा टोचून घेतो, आणि श्वास थांबतो. अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलंय की औषध चालू असताना मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं आणि औषध सोडल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत ते उसळतं. त्यामुळे "गोळी किती दिवस?" याचं प्रामाणिक उत्तर महिन्यांत, कधी वर्षांत असतं.

एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोनच्या व्यसनावर असं जागा घेणारं औषध नाही. कुणी 'एमडी सोडवणारं इंजेक्शन' विकत असेल तर चार हात लांब राहा.

औषध शोधायचं कुठे? औषधाच्या दुकानात फेऱ्या मारू नका. ब्युप्रेनॉर्फिन एनडीपीएस या अमली पदार्थांविषयीच्या कायद्याच्या कक्षेत येतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार ओपीडीत विचारा किंवा १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची ओएसटी केंद्रं एचआयव्ही रोखण्यासाठी मुख्यतः सुईनं नशा करणाऱ्यांकरिता निघाली. तिथं औषध फुकट मिळतं. पोलिसांच्या भीतीनं अनेक जण पायरी चढत नाहीत. पण सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असलेल्या व्यसनी माणसानं स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर त्याच कायद्याचं कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. खासगी केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ आहे का आणि डिस्चार्जनंतर औषध चालू ठेवता का, हे आधी विचारा. औषधाचं नाव काढताच तिथले लोक नाक मुरडत असतील तर दुसरं केंद्र बघा.

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. शेवटचं कधी ओढलं तेही खरं सांगा, पहिला डोस त्यावरच ठरतो.