झेडपूल अ‍ॅड आणि झेडपूल अटॅच: दोन्हींना ‘जोडणे’ म्हणू नका

‘पूलमध्ये ४ टीबीची एकच डिस्क होती. काल तेवढीच दुसरी जोडली. जागा दुप्पट दिसतेय, मिरर मस्त चाललाय!’ झेडएफएस (डिस्क एकत्र करून त्यांचा एक साठा, म्हणजे ‘पूल’, बनवणारी फाइल सिस्टम) वापरणाऱ्या कुणाचा असा निरोप आला की माझ्या पोटात गोळा येतो. अहो, मिरर झाला असता तर दोन्ही डिस्कवर तोच डेटा असता आणि जागा होती तेवढीच राहिली असती. ती दुप्पट झाली म्हणजे तुमच्याकडे दुसरी प्रत नाही. उलट आता दोनपैकी कुठलीही एक डिस्क गेली तरी सगळा पूल जाणार. काल एकाच डिस्कची काळजी होती, आज दोघींची आहे.

मिरर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे ते उगाळत नाही. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हेही शंभरदा ऐकलं असेल. घोळ होतो तो ‘झेडपूल’ या पूल सांभाळणाऱ्या आज्ञेत, आणि त्यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. अ‍ॅड आणि अटॅच या दोन्हींसाठी आपण बिनदिक्कत ‘जोडणे’ म्हणतो. माझं ऐकाल तर अ‍ॅडला ‘भर घालणे’ म्हणा आणि अटॅचला ‘जोडीला देणे’. कुणाच्या जोडीला, हा प्रश्न मग आपोआप पडतो, आणि अटॅच नेमका तोच प्रश्न विचारतो. त्याला पूलच्या नावापुढे दोन नावं लागतात: आधीपासून असलेली डिस्क आणि नवी डिस्क. ‘झेडपूल अटॅच टँक जुनी नवी’ (टँक हे पूलचं नाव). अ‍ॅडला एकट्या नव्या डिस्कचं नाव पुरतं. मिरर करायला बसलात आणि आज्ञेत जुन्या डिस्कचं नावच नाही, तर एंटर दाबू नका.

मिरर म्हणजे घराच्या कुलपाची डुप्लिकेट किल्ली: एक हरवली तरी दार उघडतं. अ‍ॅडने होतं ते बँकेच्या लॉकरसारखं. एक किल्ली तुमची, एक बँकेची, आणि दोन्ही असल्याशिवाय लॉकर उघडत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘पण माझ्या जुन्या फायली तर जुन्याच डिस्कवर आहेत ना?’ आहेत. अ‍ॅड केल्यावर झेडएफएस जुना डेटा हलवत नाही, फक्त नवं लिखाण दोन्हींवर वाटतं. पण पूल ही एकसंध गोष्ट आहे. वरच्या पातळीवरचा एक घटक (एकटी डिस्क किंवा अख्खा मिरर) पूर्ण गायब असेल तर पूल नेहमीच्या पद्धतीने इम्पोर्टच होत नाही, म्हणजे उघडतच नाही. जुन्या डिस्कवर जुन्या फायली धडधाकट बसलेल्या असतात आणि तुम्ही बाहेर.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. पूलमध्ये आधीच मिरर असेल आणि तुम्ही एकटी डिस्क अ‍ॅड करू लागलात, तर झेडपूल अडवतो: सुरक्षेची पातळी जुळत नाही, तरी करायचंच असेल तर -एफ (फोर्स, म्हणजे जबरदस्ती) द्या. (आणि लोक देतात! कुठूनतरी उचललेल्या आज्ञेत -एफ दिसला की तो मीठ-मिरचीसारखा सगळीकडे टाकायचा, ही सवय मोडा.) पण पूल एकाच डिस्कचा असेल तर एकटीत एकटी मिळवण्यात काहीच विजोड नसतं. म्हणून इशाराही नाही, आज्ञा गुपचूप पार. पहिल्यांदा मिरर करायला निघालेला नवखा माणूस नेमका इथेच असतो.

म्हणून अ‍ॅड करायचंच असेल तेव्हा आधी -एन लावून चालवा. काही न बदलता पूल कसा दिसेल ते दाखवतो. नंतर झेडपूल स्टेटस बघा. ‘मिरर-०’ अशी ओळ आणि तिच्या पोटात दोन्ही डिस्क दिसल्या तर जमलं. दोन्ही थेट पूलच्या नावाखाली असतील तर फसलात. अ‍ॅडशी माझं वैर नाही. दोन नव्या डिस्क आणून ‘झेडपूल अ‍ॅड टँक मिरर तिसरी चौथी’ म्हणालात तर जागा वाढवायचा तोच उत्तम मार्ग आहे. ‘मिरर’ हा शब्द मात्र विसरायचा नाही.

चूक होऊन गेली असेल तर? एके काळी डेटा बाहेर काढून पूल नव्याने बांधण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लिनक्सवर २०१९ मध्ये ०.८ आवृत्ती आली, तेव्हापासून झेडपूल रिमूव्हने असा घटक काढता येतो. काढायच्या डिस्कवरचा डेटा उरलेल्या डिस्कवर मावला पाहिजे आणि पूलमध्ये रेडझेड (झेडएफएसची रेडसारखी रचना) नसला पाहिजे. डिस्क सुटली की तीच अटॅच करा. रिसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटाची प्रत उतरवणं) पूर्ण होईपर्यंत मिरर झाला असं धरू नका.

रिमूव्ह आणि डिटॅच यांचाही असाच गोंधळ होतो, पण तो साधा आहे: अ‍ॅडचं उलट रिमूव्ह, अटॅचचं उलट डिटॅच. फक्त मिररमधली एक डिस्क काढून ती दुसऱ्या मशीनवर उघडायची असेल तर डिटॅच करू नका, ती इम्पोर्ट होणार नाही. त्या कामाला झेडपूल स्प्लिट आहे.