सहा टक्के चढ की सहा अंश?

जपानमधल्या एशिमा ओहाशी पुलाचा फोटो कोल्हापूरच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतोच. रस्ता भिंतीसारखा उभा आणि खाली कुणीतरी ठोकून दिलेलं, "४५ अंशांचा चढ! पन्हाळ्याचा घाट ह्याच्यापुढं काय न्हाई भावा." मग एखादा शहाणा खरा आकडा शोधून आणतो: ६.१. आकडा बरोबर आहे, पण तो टक्क्यांतला. वाचणारे त्याला अंश समजतात आणि वाद पुन्हा पेटतो.

टक्के म्हणजे आडवं १०० मीटर पुढं गेल्यावर रस्ता किती मीटर वर चढला ते. अंश म्हणजे आडव्या रेषेशी झालेला कोन. एशिमाचे ६.१ टक्के जेमतेम साडेतीन अंश भरतात, आणि तेही शिमाने जिल्ह्याच्या बाजूला. तोत्तोरीच्या बाजूचा उतार ५.१ टक्केच आहे. उलट खरोखर सहा अंश असते तर साडेदहा टक्के झाले असते. दोन ट्रॉल्या ऊस भरलेल्या ट्रॅक्टरला हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

१०० टक्के म्हणजे सरळ उभी भिंत, हा आणखी एक गैरसमज. १०० टक्के म्हणजे ४५ अंश. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहराचा बाल्डविन स्ट्रीट जगातल्या सर्वांत तीव्र चढाच्या रस्त्यांत गणला जातो, तोही सुमारे ३५ टक्के, म्हणजे १९ अंशांच्या आसपास. आणि व्हीलचेअरसाठी बारास एक प्रमाणात बांधलेला रॅम्प? ८.३ टक्के. त्या 'भयानक' पुलापेक्षा जास्त.

मग फोटो खोटा आहे का? नाही. तो लांबून, रस्त्याच्या अगदी समोरून, झूम करून काढलेला असतो. त्यात रस्त्याची लांबी चेपली जाते, उंची मात्र तशीच राहते. बाजूनं काढलेला फोटो बघा, पूल अगदी सौम्य दिसतो. फक्त तो कुणी फॉरवर्ड करत नाही. २००४ साली खुला झालेला हा पूल इतका उंच नेला, कारण खालून जहाजं जातात.

आपल्या घाटात स्वतः मोजायचं असेल तर गाडी सुरक्षित जागी लावा आणि फोनमधलं पाणसळीचं ॲप उघडा. ते बहुधा अंश दाखवतं. त्याला पावणेदोननं गुणलं की टक्के मिळतात. घाटरस्त्यांच्या लहान कोनांना एवढा हिशेब पुरतो.