मोडीत घालण्याआधी : जुने दागिने आणि फर्निचर लिलावात देणाऱ्या-घेणाऱ्यांसाठी

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, जुना दागिना घेऊन गेलं की पहिला प्रश्न येतो, "मोडायचाय का?" यात सराफाची काही चूक नाही. त्याचा धंदा सोन्याचा. तो कस लावतो, टंच म्हणजे शुद्धता काढतो, लाख आणि घट वजा करतो आणि उरलेल्या सोन्याचा भाव देतो. घडणावळ तो धरत नाही, कारण दागिना मुशीत जाणार हे त्याला ठाऊक असतं. फर्निचरचंही तेच. जुनं शिसवी कपाट न्यायला आलेला माणूस दारावरच्या नक्षीकडं बघत नाही, फळ्या मोजतो.

आमची पेढी लहान आहे. सोन्याचा आणि लाकडाचा भाव बाजूला काढल्यावर वस्तूत जे उरतं, त्याचा आम्ही लिलाव करतो. प्रत्येक जुन्या वस्तूत असं काही उरतंच असं नाही. पुष्कळदा तपासून आम्हीच सांगतो, "ही मोडा, लिलावाचा खर्चही निघायचा नाही." पण आधी एकदा दाखवा, आणि दाखवायला आणताना आहे तशी आणा.

'आहे तशी' म्हणजे कशी

पाहुण्यांकडं जाताना आपण तोंड धुऊन जातो, तसं लोक दागिना घासूनपुसून आणतात. कोल्हापुरी साजाची पानं आणि बोरमाळेचे मणी आतून लाखेनं भरलेले असतात. वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. गरम पाण्यात टाकले की लाख मऊ होते, पत्रा दबतो आणि ती चेप पुन्हा निघत नाही. मोत्याला साबण आणि सोनाराकडचं ते थरथरणारं मशीन, दोन्ही नको. चांदीवरचा काळेपणा पावडरीनं घासला तर काळेपणाबरोबर उठावाच्या कडाही जातात.

आमच्याकडूनही चूक झालेली आहे. सुरुवातीच्या दिवसांत एक तन्मणी आला होता, दोरा पार कुजलेला. चांगला दिसावा म्हणून आम्ही तो पटवेकऱ्याकडून नव्या रेशमात गाठवून घेतला आणि जुना दोरा फेकून दिला. पाहणीच्या दिवशी पुण्याहून आलेल्या एका जाणत्या बाईंनी दागिना हातात घेतला आणि विचारलं, "जुना दोरा कुठाय?" सगळे मोती मूळचेच आहेत, मध्ये कुणी बदललेले नाहीत, याचा जो काही पुरावा होता तो त्या मळक्या दोऱ्यात आणि त्याच्या गाठींत होता. बोली मालकांशी ठरलेल्या किमान, म्हणजे राखीव, किमतीपर्यंतही गेली नाही. मालकांची माफी मागितली आणि आमचं कमिशन सोडाच, गाठवणावळही आमच्या खिशातून गेली. आता तुटका दोरा, निखळलेला मणी, जुनी डबी, सगळं पाकिटात घालून दागिन्यासोबत ठेवतो.

कागद असेल तर तोही आणा. वहीचं पान, लग्नातल्या स्त्रीधनाची यादी, सोनाराची पावती. मोडी लिपीत असेल तर कुणाला वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नका. मोडी वाचणारी माणसं कोल्हापुरात अजून आहेत. दागिना मोडीत घालायला आणि कागद मोडीतला म्हणून रद्दीत घालायला एकच दुपार पुरते.

जुन्या पावतीवरच्या वजनानं एक घोळ नेहमी होतो. आज बोलताना तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा. म्हणजे १९३८ च्या पावतीवर ४ तोळे असतील तर ते ४६.६५ ग्रॅम. दागिना आज ४६ ग्रॅम भरला म्हणून "सहा ग्रॅम जास्त कसं?" असं कोड्यात पडायचं कारण नाही. उलट ४० भरला तर मात्र विचारायला हवं की बाकीचं गेलं कुठं.

दागिना आम्ही कसा बघतो

आधी पाठ बघतो. समोरची बाजू सगळेच बघतात, आणि दुरुस्ती करणाराही तीच सजवतो.

साजाचं उदाहरण घ्या. परंपरेनं साजात २१ पानं धरतात : दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि शेवटचा ताईत. पानांच्या मध्ये जवमणी. पण पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात असलेला साज क्वचितच जसाच्या तसा राहतो. एखादं पान हरवतं, सोनार दुसरं करून घालतो. पालथा केला की ते कळतं. साडीवर आणि अंगावर घासून बाकीच्या पानांच्या पाठी गुळगुळीत झालेल्या असतात, कडा मऊ पडलेल्या असतात. नव्या पानाची कड बोटाला लागते आणि सोन्याचा रंगही थोडा वेगळा पडतो. बदललेलं पान म्हणजे खोटा दागिना नव्हे. आम्ही ते लिलावाच्या यादीत लिहितो, एवढंच. लपवलं असं पुढं कळलं की बोली लावणारा उरलेल्या वीस पानांवरही विश्वास ठेवत नाही.

जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नसतो, कारण आपल्याकडं सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली सुरू झालं. त्यामुळं शुद्धता तपासून घ्यावी लागते. क्ष-किरणांचं मशीन सोपं, पण ते फक्त वरचा थर वाचतं. आत तांबं आणि वर मुलामा असला तर ते फसतं. म्हणून शंका आली तर दागिन्याची झिजलेली जागा शोधून तिथं कस लावतो.

आईच्या लग्नातला, १९६४ वगैरे सालचा दागिना १४ कॅरटचा निघाला तर तेव्हाच्या सोनाराला लगेच शिव्या देऊ नका. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी झाली. ती उठेपर्यंतच्या काळातले दागिने तसे असू शकतात.

नथीतले किंवा तन्मणीतले मोती 'बसराचे', म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक, आहेत असं घरोघरी सांगतात. काही खरंच असतात. जपानी संवर्धित मोती विसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर बाजारात आले, त्यामुळं त्याआधीच्या दागिन्यात नैसर्गिक मोती असण्याची शक्यता मोठी. पण नथीचे मोती पडतात, हरवतात आणि बदलले जातात. डोळ्यांनी खात्री होत नाही. क्ष-किरणांखाली आतली रचना बघावी लागते, कारण संवर्धित मोत्यात बहुतेकदा मध्ये घातलेला मणी दिसतो. ही चाचणी करायची की नाही हे आम्ही मालकांवर सोडतो. केली नसेल तर यादीत फक्त 'मोती' लिहितो, 'बसरा' लिहीत नाही.

पुतळी हाराच्या जागी गिन्नीचा हार असेल तर गिन्नीवरचं साल वाचा. गिन्नी म्हणजे ब्रिटिश सोन्याचं नाणं, २२ कॅरटचं, ७.९८ ग्रॅमचं. कडी डाखलेली असली की नाणी जमवणारा गिऱ्हाईक मागं सरतो, सोन्याचा भाव मात्र कुठं जात नाही.

फर्निचर

कोल्हापुरात जुनी खुर्ची निघाली की ती राजवाड्यातलीच निघते. नव्या राजवाड्याचं काम मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात झालं. त्यात जेवढ्या खुर्च्या मावल्या असत्या त्याहून जास्त एव्हाना आमच्या दारात येऊन गेल्या आहेत. लेखी पुरावा असेल तर तो छापतो. नसेल तर खुर्ची स्वतःच्या पायावर उभी राहू द्या.

फर्निचर बघायचं ते खालून आणि मागून. खण पूर्ण बाहेर ओढा. बाहेर शिसव आणि आत सागवान असणं ठीक आहे, जुने सुतारही महाग लाकूड दर्शनी भागालाच वापरत. पण बाहेर 'शिसव' आणि खणाच्या कडेला खरवडलं की खाली पिवळसर लाकूड, म्हणजे सागवानाला दिलेला शिसवी रंग. स्क्रू बघा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्क्रू बोथट टोकाचे असत, टोकदार नंतर आले. डोक्यावर फुली असलेला स्क्रू १९३० च्या दशकातला. तो १८९० च्या म्हणवणाऱ्या कपाटात असेल तर एक तर दुरुस्ती झालीय किंवा गोष्ट रचलेली आहे.

गोल मेज असेल तर टेप घ्या आणि वरची फळी आडवी आणि उभी मोजा. लाकूड रेषांच्या आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून ऐंशी-शंभर वर्षांचं गोल मेज एका अंगानं थोडं कमी भरतं. तंतोतंत गोल भरलं तर आम्ही जरा बारकाईनं बघतो.

वाकवलेल्या लाकडाच्या, वेताच्या बैठकीच्या काळ्या खुर्च्या जुन्या वाचनालयांत आणि वकिलांच्या ऑफिसांत असायच्या. त्या मायकेल थोनेट यांनी १८५९ मध्ये बाजारात आणलेल्या १४ नंबरच्या खुर्चीच्या वंशातल्या. १८६९ मध्ये त्यांचं पेटंट संपलं आणि इतरांनीही त्या काढल्या. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला कागदी लेबल किंवा छाप शोधा. ऑइलपेंटाखाली तो अजूनही असू शकतो. खरवडू नका.

पॉलिश हा दुखरा विषय. चपडीचं, म्हणजे लाखेचं, जुनं पॉलिश थरावर थर चढत जातं आणि त्याला जी खोली येते ती नव्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशला येत नाही. एका काकांनी लिलावासाठीच म्हणून दिवाण मशीननं घासून चकाचक करून आणला. काम सुंदर झालं होतं. दिवाण मात्र कालचा वाटत होता, आणि बोलीही कालच्या दिवाणाचीच आली.

आणखी एक, खास आपल्या गावचं. कपाटाच्या पायांवर एकसारख्या उंचीवर फिकट आडवी रेघ असेल तर ती पुराची. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरातलं पुष्कळ लाकूड अजून बाजारात फिरतंय. पुराचं पाणी लागलेलं सागवान वाया जात नाही, पण सरसानं जोडलेले सांधे आणि वरची पातळ चिकटवलेली फळी सुटते. रेघ दिसली तर आम्ही ती यादीत लिहितो. रंगवून झाकू नका.

जे आम्ही घेत नाही

वाघनख. सोन्यात मढवलेलं, आजोबांच्या शिकारीतलं, बाळाच्या गळ्यातलं, कसलंही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याखाली या वस्तूंची विक्री होऊच शकत नाही, मालकीचं प्रमाणपत्र असलं तरी. हस्तिदंती बांगड्या आणि हस्तिदंत जडवलेल्या पेट्याही तशाच. साजातलं वाघनखाच्या आकाराचं सोन्याचं पान मात्र चालतं, ते सोनंच आहे.

शंभर वर्षांवरील जुन्या मूर्तीही आम्ही घेत नाही, त्यांच्या नोंदणीचं प्रकरण वेगळं आहे. पुरावस्तूंबाबतचा कायदाही १९७२ चाच. तो ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांवरील कलाकुसरीच्या वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, आमचा भिंतीवर लावलेला आहे. अशा वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यामुळं मुलगी अमेरिकेत आहे आणि पणजीची नथ तिच्यासाठी घ्यायची आहे असं असेल तर बोली लावण्याआधी आमच्याशी बोला.

लिलावाच्या दिवशी

गुळाचे सौदे, म्हणजे जाहीर लिलाव, पाहिलेल्याला यात नवीन काही नाही. यादीत प्रत्येक वस्तूला क्रमांक, अंदाजे किंमत आणि दोषांची नोंद असते. मालकांशी ठरलेली राखीव किंमत आम्ही जाहीर करत नाही. बोली तिथवर पोहोचली नाही तर वस्तू परत जाते.

"एक वार, दोन वार, तीन वार" झालं आणि हातोडा पडला की विक्री पूर्ण. १९३० च्या माल विक्री कायद्यात हे स्पष्ट आहे : हातोडा पडेपर्यंत बोली मागं घेता येते, नंतर नाही. त्याच कायद्यानुसार, मालकानं बोली लावण्याचा हक्क आधी जाहीर केलेला नसेल तर त्यानं स्वतः किंवा त्याच्या माणसानं बोली चढवणं बेकायदा आहे, आणि तसं झालं तर घेणाऱ्याला सौदा रद्द करता येतो. तेव्हा भाच्याला मागच्या रांगेत बसवून हात वर करायला सांगू नका. कोल्हापूर लहान आहे, भाचा ओळखू येतो.

हातोड्याच्या किमतीवर विकणाऱ्याकडून शेकडा १० आणि घेणाऱ्याकडून शेकडा १० आमचं कमिशन, त्यावर १८ टक्के जीएसटी. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही, आम्हीही घेत नाही. विकणाऱ्यानं करासाठी सीएला विचारावं, पण एवढं माहीत असू द्या : घरच्या वापरातल्या फर्निचरच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नसतो, दागिन्यांवर असतो. १ एप्रिल २००१ च्या आधीपासूनच्या दागिन्यांना त्या दिवशीची बाजारभावाची किंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते, त्यासाठी मूल्यांकन करून ठेवलेलं बरं.

वाटणीतला दागिना असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या आधी आणा. एकदा हातोडा पडल्यानंतर दारात तीन रिक्षा येऊन थांबल्या होत्या, तिन्हींत आत्याच होत्या.

पाहणी लिलावाच्या आधी दोन दिवस असते. दागिना हातात घेऊन बघा, भिंग मागा. एकच आहे, रांग लागते. फर्निचर घेणाऱ्यांनी सात दिवसांत उचलायचं आहे, आणि बोली लावण्याआधी घरच्या दाराचं आणि जिन्याचं माप घेऊन यायचं आहे. शिवाजी पेठेतल्या एका जिन्यात आमच्याकडून गेलेलं तीनदारी कपाट दीड दिवस अडकून होतं आणि वरच्या मजल्यावरची माणसं शेजाऱ्यांच्या गच्चीवरून ये-जा करत होती.