पुण्याच्या पेठेत जुनं घर घ्यायचंय? इसार देण्याआधी हे कागद बघा

कसबा, शुक्रवार, भवानी अशा पेठांच्या बोळांत अजून दोन-तीन खणांची घरं विक्रीला निघतात. वर माळा, पुढे हातभर ओटा आणि दोन्हीकडे शेजाऱ्याची भिंत. फ्लॅटला सोसायटी असते, बिल्डरची फाइल असते. इथे तसं काही नसतं, मालकाच्या ट्रंकेत जे सापडेल तेच कागद. म्हणून घर आवडलं तरी इसाराचा, म्हणजे सौदा पक्का करायच्या आगाऊ रकमेचा, चेक लगेच लिहू नका.

आधी सिटी सर्व्हे नंबर विचारा आणि मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, स्वतः काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळतो. त्यावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्षातलं माप जुळतं का, बोजा, म्हणजे कर्ज वगैरेची नोंद, आहे का, जमीन सरकारी भाडेपट्ट्याची आहे का, हे बघायचं. भाडेपट्ट्याची असेल तर परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही.

पेठेत खरी अडचण नावांची असते. कार्डावर आजोबांचं नाव, विकायला आलेला नातू, आणि मधल्या पिढीतल्या आत्यांचा कुठे उल्लेखच नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे. 2005 च्या दुरुस्तीने तो स्पष्ट झाला आहे. तेव्हा आधी वारसनोंद करून घ्या. ज्यांना हिस्सा नको त्यांचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं, आणि बाकी सगळ्यांच्या सह्या खरेदीखतावर हव्यात. ‘माझा हिस्सा तेवढा घ्या, बाकीचे नंतर देतील’ असं कोणी म्हटलं तर उठून या. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा बाहेरच्याने घेतला, तरी त्याला घरच्यांबरोबर सामाईक ताबा मागता येत नाही. पैसे गेलेले असतात आणि वाटणीचा दावा आपल्या गळ्यात पडतो.

माळ्यावर किंवा मागच्या खोलीत जुना भाडेकरू असेल, तर घर विकल्याने तो आपोआप निघत नाही, त्याला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असतं. म्हणून दुपारी नुसतं घर बघून परत येऊ नका. संध्याकाळी जा, कोण राहतं ते शेजारी विचारा.

वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मिळकतीच्या जुन्या व्यवहारांच्या तपासणीचा अहवाल, घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. महापालिकेकडून विकास आराखड्यातला अभिप्राय मागवा. बोळ रस्तारुंदीत असेल तर पुढचा खणच जाऊ शकतो. शनिवारवाड्याजवळचं घर असेल तर आणखी एक गोष्ट: केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये आधी परवानगी लागते. 100 मीटरच्या आत तर दुरुस्तीलाही परवानगी हवी. पाडून नवं बांधू, या हिशोबाने पैसे मोजणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

सामाईक भिंतीचं मला फार महत्त्व वाटतं. खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना ‘पूर्वेस अमुक यांचे घर’ एवढ्यावर थांबू नका. भिंत कोणाची की दोघांची, पन्हळीचं पाणी कुठे पडतं, बोळातली वहिवाट कशी आहे, सगळं शब्दांत येऊ द्या. उद्या तुळई बदलायची वेळ आली की हीच दोन वाक्यं उपयोगी पडतात.

पात्रता सोपी आहे. कोणताही सज्ञान भारतीय नागरिक घर घेऊ शकतो. परदेशात राहणारे भारतीय नागरिकही राहतं घर घेऊ शकतात. कर्ज हवं असेल तर आधी बँकेशी बोला, कारण मंजूर नकाशा आणि इमारतीचं उरलेलं आयुष्य यांवर बऱ्याचदा अडतं.

खर्चाचा हिशोब असा. पुणे शहरात मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह 7 टक्के, घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर 1 टक्का कमी. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30,000 रुपये. शुल्क रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारी दरपत्रकाचं, मूल्य आणि ठरलेली किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं. समजा ती 60 लाख आहे, तर शुल्क 4,20,000 आणि फी 30,000. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल, तर विकणाऱ्याला पैसे देताना 1 टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या आयकरापोटीची कपात, आपणच कापून भरायचा. 20,000 किंवा त्याहून जास्त इसार रोखीने देऊ-घेऊ नये, आयकर कायद्याची मनाई आहे.

दुय्यम निबंधक कार्यालयात दोन्ही बाजूंचं आधार, पॅन आणि फोटो, दोन साक्षीदार, मालमत्ता पत्रक, मिळकत कराची पावती आणि शुल्क भरल्याचं चलन न्या. सही झाल्यापासून 4 महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला द्यावा लागतो.

नोंदणी झाली की सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा उतारा, घेऊन नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा, म्हणजे कार्डावर आपलं नाव लावण्याचा, अर्ज करा. हे काम वर्षानुवर्षं राहून जातं, आणि त्यातूनच आजोबांच्या नावाची कार्डं तयार होतात. मिळकत कर आणि वीजबिलावरचं नावही बदलून घ्या. स्वतः राहणार असाल तर महापालिकेत पीटी-3 अर्ज भरा, करातली 40 टक्के सवलत त्यावर मिळते.